दुपारी गळणारा पत्ता

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कोणाला पटवायची हौस नाही. उलट हे सगळं खोटं निघालं असतं, तर सुटले असते मी.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

रविवारची दुपार. माझं चष्म्याचं दुकान. शटर अर्धं ओढलेलं, बाहेर बसस्टॉपवर माणसं उभी, समोरच्या सलूनमध्ये रेडिओ चालू.

इतक्या लख्ख उजेडात जे दिसलं, त्याला भास तरी कसा म्हणू?

पण आधी माझ्या भावाबद्दल सांगते. सुरुवात त्याच्यापासून झाली.

मी डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं, नंबर काढायचा, चष्मा बनवून द्यायचा. त्यामुळे माणूस नजर चोरायला लागला की मला लगेच कळतं.

आणि माझा धाकटा भाऊ नजर चोरायला लागला होता.

त्याला आम्ही ढब्बू म्हणतो. लहानपणी गुटगुटीत होता. आता वाळून काठी झालाय, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्याकडेच राहतो, मागच्या खोलीत.

ढब्बू म्हणजे निर्लज्जम् सदासुखी. कोणाच्याही घरी गेला की स्वतःच फ्रिज उघडणार. आंघोळ करताना गाणार, तेही बेसूर, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. शाळेत बाईंनी बाकावर उभं केलं, तर वर उभा राहून वर्गाला वाकुल्या दाखवायचा. लाज ही गोष्ट देव त्याला द्यायला विसरला होता, असं आई म्हणायची.

तो रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये नेटवर्कचं काम करायचा. कोणी मदतीसाठी फोन केला, की तो फोन कंट्रोल रूममध्ये येतो. तिथून जवळच्या केंद्राला निरोप जातो आणि गाडी निघते. तो निरोप बरोबर केंद्राला पोचतोय ना, हे बघणं ढब्बूच्या टीमकडे.

"पण हा निरोप नेतो कोण?" माझ्या नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं होतं. तो पोस्टात आहे, त्याला निरोपांमध्ये रस.

"राउटर नेतो, भावजी."

"कुठे असतो तो?"

"क्लाउडमध्ये."

"म्हणजे ढगात? भिजत असेल बिचारा."

ढब्बू खो खो हसला. तेव्हा हसायचा. मग त्याने नीट समजावून सांगितलं.

"भाड्याच्या जागेत असतो तो. दुसऱ्या कंपनीच्या इमारतीत. त्याला खोका नाही, दिवा नाही, आपल्याला हात लावता येत नाही. आपण त्याला फक्त पत्ते सांगायचे. कुठलं केंद्र कुठल्या वाटेवर आहे ते. तो लक्षात ठेवतो."

"किती पत्ते?"

"तिथेच गोम आहे. त्याला मर्यादा असते. ठरलेल्या आकड्यापुढे तो घेत नाही. वाढवून मागायचे तर अर्ज करा, वाट बघा. आणि काही मर्यादा अशा असतात, की डोकं आपटलं तरी वाढत नाहीत. भाडेकरूने घरमालकाशी भांडून भांडून किती भांडायचं?"

"आणि जास्तीचा पत्ता दिलाच तर?"

"तर तो एखादा पत्ता टाकून देतो."

"आमच्याकडे खण भरला, की सॉर्टिंगवाला बोंब मारतो."

"हा बोंब मारत नाही, भावजी. हा गपचूप विसरतो."

आम्ही हसलो होतो त्यावर.

मग ऑफिसात त्याची जागा बदलली. कोपऱ्यातलं टेबल मिळालं.

आणि आमच्या घरात एक एक आवाज कमी व्हायला लागला...

आधी बाथरूममधलं गाणं गेलं. मग फोनवरचं मोठ्याने बोलणं. मग चपला काढून भिरकावल्याचा आवाज. दार उघडलेलं ऐकू यायचं नाही, आणि मी मागे वळले तर हा उभा. मान खाली.

बसमध्ये एका माणसाचा पाय याच्या पायावर पडला, तर माफी यानेच मागितली. माझ्या नवऱ्याने डोळ्यांनी पाहिलं ते.

"सासरेबुवांना आयुष्यभर जमलं नाही, ते ऑफिसने करून दाखवलं," नवरा म्हणाला. "पोरगा सुधारला."

मी पण हसले.

मग एकदा वाऱ्याने दार आपटलं. ढब्बू शेजारीच उभा होता. तो दाराला म्हणाला, "माफ करा."

कोणीच हसलं नाही.

जेवायला बसला की ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "असंच. बरं वाटतं."

एका शनिवारी दुपारी मी वाळलेले कपडे द्यायला त्याच्या खोलीत गेले.

खोलीत कोणी नाही असं वाटलं.

मग दिसला.

कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात उभा होता. माझ्याकडे पाठ. कपाळ भिंतीला जवळजवळ टेकलेलं. हात दोन्ही बाजूंना सरळ, शिक्षा केलेल्या मुलासारखे.

"ढब्बू?"

मी एक पाऊल पुढे टाकलं.

"ए ढब्बू... काय रे?"

खांदे हलले. आवाज भिंतीतून आल्यासारखा आला.

"ताई, बघू नकोस माझ्याकडे."

"का? काय झालं?"

"सगळे बघतायत. तू तरी नको ना बघूस."

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

माझ्या हातातले कपडे मी पलंगावर ठेवले. त्याला ओढून बाहेर काढावं, असं आधी मनात आलं. पण तो थरथरत होता. मग मी काय केलं, त्याच्याकडे पाठ केली. मीही भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, समोरच्या.

"बघत नाही," म्हटलं. "आता बोल."

दोघं बहीणभाऊ, दोन भिंतींकडे तोंड करून. कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण तो बोलला.

"माझ्या आधी त्या टेबलावर मास्तर बसायचे."

मास्तरांबद्दल मी ऐकून होते. ते काही शिक्षक नव्हते. ऑफिसातले सगळ्यांत जुने. नव्या मुलांना फळ्यावर चित्रं काढून शिकवायचे, म्हणून मास्तर. ढब्बूला त्यांनीच तयार केलं. त्या दोघांचा डबाही एकत्र असायचा. ते अचानक वारले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"साहेबांना नवी केंद्रं घाईने सुरू करायची होती," ढब्बू सांगत होता. "मास्तर प्रत्येक मिटिंगमध्ये सांगायचे, राउटरची मर्यादा जवळ आलीय. आधी वाढवून घेऊ. नाहीतर जवळजवळचे पत्ते एकत्र बांधू, म्हणजे जागा होईल. पण थोडा वेळ द्या. साहेब म्हणायचे, बघू. मग एक दिवस म्हणाले, आता जोडून टाका."

जोडले.

नवी केंद्रं सुरू झाली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या.

आणि राउटरने एक जुना पत्ता गपचूप गाळला. नदीपलीकडच्या केंद्राचा.

दुपारी नदीपलीकडून एका मुलीचा फोन आला. वडील कोसळले होते. कंट्रोल रूमने लगेच निरोप धाडला. केंद्र तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गाडी तयार, ड्रायव्हर तयार. निरोप मात्र पोचलाच नाही. गोंधळ लक्षात आल्यावर लांबच्या केंद्रातून गाडी पाठवली. ती पोचली तेव्हा मुलगी दारात उभी होती, आणि घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मास्तरांना उभं केलं.

"मर्यादा असते हे तुम्हाला माहीत होतं ना? मग आधी सांगितलं का नाही?"

ढब्बूचा आवाज इथे अगदी बारीक झाला.

"मास्तर लगेच बोलले नाहीत, ताई. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. रांगेने. वाट बघत होते, की कोणीतरी म्हणेल... यांनी सांगितलं होतं म्हणून."

"मग?"

"माझ्यापर्यंत नजर आली, तेव्हा मी पेनाला टोपण लावत होतो. लावलेलंच होतं. परत काढलं. परत लावलं."

माझ्यासमोरच्या भिंतीवर एक मुंगी चालली होती, तिच्याकडे मी बघत राहिले.

"मग ते म्हणाले, माफ करा, चूक झाली. आणि खाली बसले."

दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर आले. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. दिवसभर तसेच. लोकांना वाटलं, रागावलेत. कोणी हाक मारली नाही, कोणी जेवायला चला म्हटलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायची कोणाची छातीच नव्हती. संध्याकाळी झाडायला आलेल्या बाईने खुर्चीला हात लावला...

"डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेले होते," ढब्बू म्हणाला. "आम्ही सगळे शेजारी बसून काम करत होतो, ताई. अख्खी दुपार."

तरी मी मागे वळले नाही. शब्द दिला होता.

"आता रोज दुपारी तोच पत्ता गळतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नदीपलीकडचा. आता मर्यादा वाढवून मिळालीय. राउटरमध्ये जागा रिकामी आहे. गळायचं काही कारणच नाही. तरी जेवणाच्या सुट्टीत तो पत्ता यादीतून जातो. थोड्या वेळाने आपोआप परत येतो. तेवढ्या वेळापुरती आम्ही त्या केंद्राला दुसरी वाट करून दिलीय. ज्यांचा राउटर आहे त्यांना विचारलं. ते म्हणतात, आमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय."

"मग असेल काहीतरी बिघाड."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून एकदा, पत्ता गळलेला असताना, मी त्या केंद्राला आमच्या आतल्या लाइनवरून फोन लावला. ती लाइन त्याच राउटरवरून जाते. पत्ताच नाही, तर फोन लागणार कसा? लागायलाच नको होता."

"लागला?"

"कोणीतरी उचलला."

मी श्वास रोखून ऐकत होते.

"आधी काहीच नाही. फक्त कोणीतरी बोलायच्या आधी श्वास घेतं ना... तसा. मग अगदी हळू आवाज आला. माफ करा, चूक झाली."

त्या दिवसापासून याला लाज वाटायला लागली. कशाची, ते सांगता येईना. बसमध्ये, रस्त्यात, आरशासमोर. जणू कपडे न घालता गर्दीत उभं केलंय. सगळे बघतायत, आणि सगळ्यांना सगळं माहीत आहे.

"पण मी काही केलं नाही ना, ताई?"

"नाही रे," मी म्हणाले. "तू काहीच केलं नाहीस."

बोलून गेले आणि माझं मलाच कसंसं झालं.

मग तो म्हणाला, "मी सांगून टाकू का? साहेबांसमोर, सगळ्यांसमोर. की मास्तरांनी सांगितलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं."

आता मी काय म्हणाले, ते ऐका. शब्द न् शब्द आठवतो मला.

"वेडा झालास का? गेलेला माणूस परत येणार आहे का त्याने? आत्ता कुठे तुला कायम केलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस."

"बरं," तो म्हणाला.

इतक्या पटकन 'बरं' म्हणणारा माझा भाऊ नव्हे तो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. म्हणाला, स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. मला हायसं वाटलं, खरं सांगते. डोळ्यांचं दुखणं असेल तर ते माझ्या हातातलं. नंबर वाढला असेल, चष्मा बदलू, होईल सगळं सरळ. बुडत्याला काडीचा आधार.

दुकान बंद असतं रविवारी. शटर अर्धं वर केलं. त्याला मशीनसमोर बसवलं.

"हनुवटी इथे ठेव. कपाळ पट्टीला टेकव. समोर बघ."

तो खाली बघत होता.

"ढब्बू, समोर."

"नको ना, ताई."

"माझ्या डोळ्यांत नको बघूस. माझ्या कानाकडे बघ. डूल कसा आहे सांग."

हळूहळू पापण्या वर आल्या.

मी मशीनमधून त्याच्या डोळ्यात पाहिलं.

डोळा जवळून पाहिलात, तर बुबुळाच्या चकाकीवर समोरची सगळी खोली दिसते. इवलीशी, वाकलेली. मशीनचा दिवा, दिव्यामागे माझं डोकं, त्यामागे काउंटर, भिंतीवरच्या फ्रेमा. रोज बघते मी ते. इतकं रोज, की आता दिसतही नाही.

त्या दिवशी दिसलं. कारण ते तिथे नव्हतं.

काउंटर नव्हता. फ्रेमा नव्हत्या.

खुर्च्या होत्या...

रांगेने मांडलेल्या खुर्च्या. आणि प्रत्येक खुर्चीवर माणूस. मोहरीएवढा एकेक. सगळ्यांची तोंडं इकडे.

मी झटकन मागे वळले.

मागे माझंच दुकान. काउंटर. भिंतीवर फ्रेमा, रांगांवर रांगा. जोडी-जोडीने रिकाम्या काचा.

हुश्श. फ्रेमाच दिसल्या असणार, म्हटलं. माझी मीच हसले. बाहेर सलूनमधला रेडिओ चालूच होता.

परत मशीनला डोळा लावला.

रेडिओ ऐकू येईनासा झाला.

ती माणसं तिथेच होती. आता चेहरेही दिसत होते. पुढे टाय लावलेला एक जण, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्या शेजारी एक बाई, मांडीवरच्या फोनकडे बघत असल्यासारखी, पण फोन नव्हता हातात. मागच्या रांगेत...

मागच्या रांगेत ढब्बू होता. माझा भाऊ. हातात पेन. टोपण काढत होता, लावत होता.

माझ्या समोर बसलेल्या ढब्बूचे हात मांडीवर होते. रिकामे.

आणि मग मला रांगेतल्या ढब्बूच्या शेजारची बाई दिसली.

पांढरा कोट. केस मागे बांधलेले. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

माझा हात आपोआप माझ्या गळ्यातल्या चष्म्याकडे गेला.

तिचा नाही गेला.

ती दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट बसली होती. इकडे बघत होती. आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला वाचता आलं. स्वतःचेच शब्द वाचायला काय अवघड?

गप्प बस.

मी दिवा बंद केला.

"काय दिसलं?" ढब्बूने विचारलं.

"काही नाही. नंबर वाढलाय थोडा."

तो हनुवटी तशीच पट्टीवर ठेवून बसला होता. कितीतरी दिवसांनी त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तू पण दिसलीस ना, ताई?"

मला रडू फुटलं. भीतीने फुटलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याच्यासमोर बसवेना. या पोराने विश्वासाने विचारलं होतं, आणि मी त्याला उचलून त्या रांगेत नेऊन बसवलं होतं. वर स्वतःही शेजारी जागा धरली होती.

"उद्या सांगून टाक," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. नोकरी गेली तर गेली. दुकान आहे, आपण बघू."

सोमवारी मिटिंग होती. पुढचं मी ढब्बूकडून ऐकलेलं सांगते, आणि खोटं बोलायचं त्याला काही कारण नाही.

साहेब अजून काही केंद्रं जोडायचं म्हणत होते. ढब्बू उठून उभा राहिला.

"साहेब, जोडायच्या आधी पत्त्यांची मर्यादा तपासून घ्यावी लागेल. आणि मागच्या वेळी मास्तरांनी हे सांगितलं होतं. इथेच, याच खोलीत. मी ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं."



साहेब चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अजून कोणी ऐकलं होतं?"

ढब्बूने पाहिलं सगळ्यांकडे. एकेकाकडे. रांगेने.

कोणी पाणी प्यायलं. कोणी चष्मा पुसला. एकाने बुटाची नाडी बांधायला घेतली.

आणि तेव्हा टेबलाच्या मधोमध ठेवलेला स्पीकर, मिटिंगमध्ये बाहेरच्या लोकांना जोडायला असतो तो, त्यातून आवाज आला...

फोन जोडलेला नव्हता. दिवा बंद होता.

कोणीतरी श्वास घेतला. लांब. बोलायच्या आधी घेतात तसा.

आणि बोलणं आलंच नाही. नुसता श्वास सुटला. खूप वेळ धरून ठेवलेला असावा तसा.

प्रत्येकाने ऐकलं ते. ढब्बू शपथेवर सांगतो. साहेबांच्या हातातलं पेन निसटलं. पण कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी ऐकलं, आणि पुन्हा एकदा कोणीच काही ऐकलं नव्हतं.

"मिटिंग संपली," साहेब म्हणाले.

केंद्रं त्या दिवशी जोडली नाहीत. आणि त्या दुपारी नदीपलीकडचा पत्ता गळला नाही. त्यानंतर कधीच गळला नाही म्हणे. ढब्बूला कोणी काढलं नाही, पण त्याच्याशी कोणी बोलेनासं झालं. महिन्याभरात त्यानेच राजीनामा दिला. आता दुसरीकडे आहे. जेवताना आमच्याकडे तोंड करून बसतो. गात मात्र नाही.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

पण ढब्बूच्या मनाला चैन पडेना. म्हणाला, "ताई, मास्तरांच्या घरी जाऊन सांगायला हवं. त्यांच्या बायकोला. ते गेल्यापासून ऑफिसातलं कोणी फिरकलं नाही तिकडे."

मी सोबत गेले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. गॅलरीत दोरीवर कपडे वाळत होते. एक साडी, दोन टॉवेल. आणि एक पुरुषाचा शर्ट. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं...

दोघांनीही तो पाहिला.

दार उघडणाऱ्या बाई हसऱ्या होत्या. नीट विंचरलेले केस, हाताला पीठ.

"ऑफिसातले का तुम्ही? या ना, या. बसा."

आम्ही बसलो. त्या चहा करायला गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा ट्रेमध्ये एक कप जास्तीचा होता. तो उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या, दार ओढून घेतलं.

कप आतच राहिला.

ढब्बूने सांगायला सुरुवात केली. "वहिनी, त्या दिवशी मिटिंगमध्ये..." सगळं सांगितलं. टोपणाचंही. त्या ऐकत होत्या. मधे एकदा त्याला म्हणाल्या, "चहा गार होतोय."

त्याचं सांगून झालं.

"मला माहीत आहे हे," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलं सगळं."

"कधी?" मी विचारलं.

"आता दुपारी घरीच असतात ना हे."

इतक्या साधेपणाने म्हणाल्या. शेजारणीला सांगावं तसं.

"बाहेर तेवढे येत नाहीत. कोणी आलं की दार लावून बसतात. लाज वाटते म्हणतात. मी म्हणते, अहो, तुम्हाला कसली लाज? ज्यांना वाटायला हवी, ते फिरतायत की उजळ माथ्याने."

टोमणा नव्हता तो. त्या खरंच नवऱ्याला काय म्हणतात, ते सांगत होत्या. आम्ही दोघं फरशीकडे बघत होतो.

तेवढ्यात आतून आवाज आला.

बशीत कप ठेवल्याचा.

मग पावलं. सावकाश. दारापर्यंत आली आणि थांबली.

"अगबाई, उठले वाटतं!" त्यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "तुमचं ऐकलं त्यांनी. बरं झालं बाई, आलात ते. थांबा हं, भेटूनच जा. किती दिवसांनी येतायत माणसांत."

दाराची कडी हलली.

ढब्बूने माझा हात धरला. लहानपणी धरायचा तसा.

आणि आम्ही उठलो.

पळालो नाही. पळालो असतो तर भीतीने पळालो, असं तरी म्हणता आलं असतं. मान खाली घालून, चपला हातात घेऊन, चोरासारखे बाहेर पडलो. त्या दाराकडे बघत होत्या, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

जिन्यावर होतो, तेव्हा वर दार उघडल्याचं ऐकू आलं.

मग त्यांचा आवाज. गोंधळलेला.

"अहो, आत्ता इथे बसली होती की दोघं... तुम्हालाच भेटायला..."

त्यावर दुसरं कोणीतरी काहीतरी हळूच म्हणालं.

काय म्हणालं, ते मला कळलं, फोनवरचेच ते शब्द. ढब्बूलाही कळलं. आम्ही त्याबद्दल अजून एकमेकांशी बोललेलो नाही.

मागे वळून का नाही पाहिलं, असं तुम्ही विचाराल. कुठल्या तोंडाने बघणार?

परत जायला हवं, हे दोघांनाही कळतं. ढब्बू म्हणतो, या रविवारी जाऊ. मी म्हणते, हो, या रविवारी नक्की.

रविवार येतो. जेवणं होतात. दुपार होते.

मग मी दुकानातलं काहीतरी राहिलेलं काम काढते, आणि तो झोप आल्यासारखं करतो.